पांढऱ्या चट्ट्यावर दहा वर्षे नजर

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तळी, धान आणि राईस मिल ही या जिल्ह्याची एक ओळख. तेंदूपत्ता आणि विडी ही दुसरी. उन्हाळ्यात देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यात पहाटेपासून तेंदूची पाने तोडली जातात आणि काही आठवड्यांच्या त्या मजुरीवर अनेक घरांचा पावसाळा निघतो. घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकाही पूर्व विदर्भात पूर्वीपासून पुष्कळ. गेल्या काही दशकांत यात खर्ऱ्याची भर पडली. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून घोटायचा आणि ती पुडी खिशात ठेवून दिवसभर थोडा थोडा गालात धरायचा. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. पानठेल्यावरचा खर्रा मात्र सुटला नाही.

तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण मधला टप्पा फारसा ठाऊक नसतो. कर्करोगाच्या आधी कित्येक वर्षे तोंडाच्या आतल्या अस्तरावर एखादा पांढरा चट्टा दिसू लागतो, किंवा तोंड पूर्ण उघडेनासे होते. या बदलांना पूर्वकर्क बदल म्हणतात. ज्याच्या तोंडात असा चट्टा आहे तो साहजिकच विचारतो, 'मला कर्करोग होणार का? झाला तर कधी? आणि हा चट्टा जाऊ शकतो का?' या तीन प्रश्नांची उत्तरे सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहून मिळत नाहीत. ती मिळवण्यासाठी त्याच माणसांकडे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा जावे लागते. हे काम ज्यांनी जगात मोठ्या प्रमाणावर प्रथम केले त्यांत मुंबईतील संशोधक होते, आणि त्यांनी ते केले ते भारतातील खेड्यांत. त्याचा इतिहास आपण पाहणार आहोत.

मागे वळून पाहण्याची मर्यादा

तोंडातील पांढऱ्या चट्ट्याला 'ल्युकोप्लाकिया' हे नाव १८७७ मध्ये बुडापेस्टचे त्वचारोगतज्ज्ञ अर्न्यो श्विमर यांनी दिले. अशा चट्ट्यातून पुढे कर्करोग उद्भवतो, हे युरोपातील शल्यवैद्यांच्या त्याच काळात ध्यानात येऊ लागले होते. भारतात १९३३ मध्ये आय. एम. ऑर यांनी त्रावणकोरमधील पान खाणाऱ्यांच्या तोंडाच्या कर्करोगाविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढे १९५५ मध्ये एल. डी. संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणे, तंबाखू खाणे आणि तोंड-घशाचे कर्करोग यांचा संबंध आकडेवारीने मांडला.

ही सारी कामे मोलाची होती. पण त्यांची दिशा एकच होती: आज कर्करोग झालेला माणूस समोर घ्यायचा आणि त्याच्या भूतकाळात काय होते ते पाहायचे. या दिशेने कारण सापडते, मात्र शक्यता सापडत नाही. शंभर रुग्णांपैकी साठांच्या तोंडात आधी पांढरा चट्टा होता असे कळले, तरी पांढरा चट्टा असलेल्या शंभर माणसांपैकी किती जणांना कर्करोग होईल हे त्यावरून सांगता येत नाही. ही दोन विधाने वरवर सारखी दिसतात, प्रत्यक्षात ती अगदी वेगळी आहेत. परीक्षेत पहिल्या आलेल्या बहुतेक मुलांनी अमुक मार्गदर्शक वापरले होते, यावरून ते मार्गदर्शक वापरणारी बहुतेक मुले पहिली येतील असे ठरत नाही, तसेच हे. दुसरा प्रश्न सोडवायचा तर चट्टा असलेली माणसे आधी शोधायची, त्यांची यादी करायची आणि मग काळाबरोबर पुढे चालायचे.

पोलीस आणि गावकरी

१९५९ मध्ये डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील पोलिसांची तोंडे तपासली. तपासलेल्यांची संख्या चार हजारांहून अधिक होती. असा गट निवडण्याचा फायदा उघड आहे. हे पुरुष आजारी म्हणून आलेले नव्हते, आणि नोकरीच्या नोंदींमुळे त्यांना पुन्हा गाठणे शक्य होते. दहा वर्षांनी त्यांची पुन्हा तपासणी झाली. पांढरे चट्टे असलेल्या ११७ जणांपैकी एकाच्या चट्ट्याचे कर्करोगात रूपांतर झाले होते.

दरम्यान मेहतांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतविषयक संशोधनाचा एक स्वतंत्र विभाग काम करू लागला. अणुभौतिकी आणि गणित यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या संस्थेतून दंतवैद्यांच्या तुकड्या खेड्यांकडे निघत, ही गोष्ट आज अनेकांना ठाऊक नसते. कोपनहेगनचे मुखरोगतज्ज्ञ येन्स पिंडबोर्ग यांचे सहकार्य त्यांना लाभले. १९६६-६७ मध्ये गुजरातमधील भावनगर, केरळमधील एर्नाकुलम, आंध्रमधील श्रीकाकुलम आणि तेव्हाच्या बिहारमधील सिंहभूम व दरभंगा या पाच जिल्ह्यांत घरोघर जाऊन ५०,९१५ गावकऱ्यांची तोंडे तपासण्यात आली. पाठोपाठ महाराष्ट्रातील पाहणी झाली. पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ गावकऱ्यांच्या तपासणीचा वृत्तांत १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. भाजलेल्या तंबाखूची पूड, म्हणजे मिश्री, दातांना लावण्याची बायकांमधील सवय त्यात ठळकपणे पुढे आली.

जिल्हे वेगवेगळे निवडण्यामागे हेतू होता. तंबाखू घेण्याची रीत भागाभागाने बदलते. भावनगरात विडी, एर्नाकुलममध्ये तंबाखूचे पान, तर श्रीकाकुलमच्या बायकांत चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची प्रथा. ज्या जागी तंबाखू किंवा तिचा धूर लागतो त्याच जागी बदल होतात, हे या तुलनेतून स्पष्ट झाले. श्रीकाकुलममध्ये बदल टाळूवर होते, पान खाणाऱ्यांत गालाच्या आत.

यांपैकी भावनगर, एर्नाकुलम आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांतील मिळून सुमारे तीस हजार माणसांवर दहा वर्षे नजर ठेवण्यात आली. या कामाचे स्वरूप शिक्षकांना चटकन समजेल, कारण ते हजेरीपटासारखे आहे. यादी एकदा ठरली की ती बदलायची नाही. दर खेपेला त्याच नावांकडे जायचे. कोण मेले, कोण गाव सोडून गेले, कोणी तपासणीला नकार दिला, याचीही नोंद ठेवायची. कारण गैरहजर राहणारे नेमके कोण, यावर निष्कर्षाचा खरेपणा अवलंबून असतो. जास्त आजारी माणसेच यादीतून गळत गेली, तर रोग आहे त्याहून सौम्य भासेल.

प्रकाश गुप्ता, मेहता, पिंडबोर्ग आणि सहकारी यांनी १९८० मध्ये या दहा वर्षांचा हिशेब मांडला. तोंडाचा कर्करोग आणि पूर्वकर्क बदल जवळजवळ अपवादाशिवाय तंबाखू घेणाऱ्यांतच आढळले. नवे कर्करोग निरोगी अस्तरावर एकाएकी उगवले नव्हते. त्यांच्या आधी पूर्वकर्क बदल होता. आणि सगळे चट्टे एकसारखे नव्हते. गुळगुळीत, एकसंध पांढरा चट्टा पुष्कळदा वर्षानुवर्षे तसाच राही, काही चट्टे आपोआप नाहीसेही होत. लालसर पार्श्वभूमीवर पांढरे दाणे असलेला चट्टा मात्र अधिक धोक्याचा होता.

आकड्यांचे कोडे

येथे वर्गात सोडवण्याजोगे एक कोडे आहे. पांढऱ्या चट्ट्याचे कर्करोगात रूपांतर होण्याचे प्रमाण वेगवेगळ्या संशोधकांनी मोजले ते असे: भावनगरच्या खेड्यांत ३६० पैकी १, म्हणजे ०.३ टक्के. एर्नाकुलममध्ये ४१० पैकी ९, म्हणजे २.२ टक्के. हंगेरीत बानोत्सी यांच्या १९७७ च्या अभ्यासात ६७० पैकी ४०, म्हणजे सुमारे ६ टक्के. अमेरिकेत सिल्व्हरमन यांच्या १९८४ च्या अभ्यासात २५७ पैकी ४५, म्हणजे १७.५ टक्के. एर्नाकुलम आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणी सरासरी सुमारे सात वर्षे नजर ठेवलेली होती. मग एवढा फरक कशाने?

विद्यार्थी बहुधा हवामान, आहार, वंश अशी उत्तरे देतील. या गोष्टींचा काही वाटा असू शकेल. पण अधिक महत्त्वाचे उत्तर माणसे कोठून घेतली यात आहे. अमेरिका आणि हंगेरीतील अभ्यास रुग्णालयात आलेल्यांवर झाले. रुग्णालयात कोण येतो? ज्याला जळजळते, खुपते, किंवा ज्याचा चट्टा पाहून दुसऱ्या डॉक्टरला शंका आली तो. म्हणजे धोकादायक चट्टे आधीच चाळणीतून निवडले गेलेले असतात. खेड्यात घरोघर जाणारा संशोधक ही चाळणी काढून टाकतो. त्याला त्रास न देणारे चट्टेही दिसतात आणि छेदाच्या जागी मोठी संख्या येते. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. रुग्णालयातील आकडा तेथे पोचलेल्या रुग्णाला लागू पडतो. गावातील आकडा गावाला.

याचा व्यवहारात उपयोग काय? गोंदियाच्या एखाद्या गावात शंभर पांढरे चट्टे सापडले तर शंभर कर्करोग झाले अशी घबराट करण्याचे कारण नाही. उलट 'बहुतेकांना काही होत नाही' म्हणून निश्चिंत राहणेही घातक, कारण त्यांपैकी कोणाचा चट्टा बिघडेल हे आधी नेमके सांगता येत नाही. एकदा पाहून निकाल देता येत नाही, म्हणूनच पुन्हा पाहावे लागते.

मागे न फिरणारा बदल

आता खर्ऱ्याशी थेट संबंध असलेल्या बदलाकडे वळू. १९५२ मध्ये जे. श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये तोंडाचे अस्तर कडक होत जाण्याचा विकार वर्णन केला. पुढच्याच वर्षी मुंबईचे एस. जी. जोशी यांनी तो स्वतंत्रपणे नोंदवून त्याला 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे आजही रूढ असलेले नाव दिले. यात अस्तराखाली तंतुमय ऊतक साचत जाते, गाल ताठर होतात, तिखट लागले की आग होते आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. याचे मुख्य कारण सुपारी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तिच्याबरोबर तंबाखू नसली तरी, माणसात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ ठरवले. तंबाखूविना सुपारी म्हणजे निर्धोक, हा समज त्यामुळे टिकत नाही.

एर्नाकुलममधील यादीत असा विकार असलेले ६६ जण होते. मूर्ती आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यावर १७ वर्षे नजर ठेवली. पाच जणांना कर्करोग झाला, म्हणजे ७.६ टक्के, साध्या पांढऱ्या चट्ट्याच्या तुलनेत तिपटीहून अधिक. शिवाय पांढरा चट्टा सवय सोडल्यावर जाऊ शकतो, पण हे साचलेले तंतू सवय सोडूनही विरघळत नाहीत. सवय सोडल्याने बिघाड वाढायचा थांबतो, एवढेच. म्हणून खर्ऱ्याच्या बाबतीत वेळेचे महत्त्व अधिक आहे.

कारण काढून घेतले तर?

नुसते पाहत राहणे पुरेसे नव्हते, आणि योग्यही नव्हते. त्यामुळे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच तीन जिल्ह्यांत तंबाखू घेणाऱ्या सुमारे ३६,००० जणांचा नवा गट निवडून त्यांना सवय सोडण्यासाठी समजावण्यात आले. दरवर्षी तपासणी करताना दंतवैद्य व्यक्तिशः बोलत. जोडीला चित्रपट, नभोवाणी, वृत्तपत्रे यांचा उपयोग केला गेला. तुलनेसाठी त्याच भागांतील आधीच्या दहा वर्षांच्या गटाचे आकडे हाताशी होतेच. पाच वर्षांचा निष्कर्ष १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. सवय पूर्णपणे सोडणारे थोडेच होते. तरीही पुष्कळांनी ती कमी केली, आणि नवे पांढरे चट्टे होण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले. ज्यांनी सवय सोडली त्यांचे असलेले चट्टेही अधिक प्रमाणात नाहीसे झाले. पूर्वकर्क बदल हा एकेरी रस्ता नसतो, याचा एवढा मोठा पुरावा प्रथमच मिळाला.

जठराची शिडी

जे तोंडात घडते तेच शरीराच्या इतर अस्तरांतही घडते का? जठराचा इतिहास येथे ताडून पाहण्याजोगा आहे. कोलंबियातील शास्त्रज्ञ पेलायो कोर्रेया यांनी १९७५ मध्ये सहकाऱ्यांसह एक कल्पना मांडली. जठराच्या कर्करोगाचा एक मुख्य प्रकार पायरी-पायरीने येतो: आधी अस्तराचा दीर्घकालीन दाह, मग अस्तर झिजून पातळ होणे, मग तेथे आतड्यासारख्या पेशी दिसू लागणे, मग पेशींची रचना बिघडणे आणि शेवटी कर्करोग. पहिल्या पायरीचे मुख्य कारण तेव्हा ठाऊक नव्हते. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८३ मध्ये जठरातील वळणदार जीवाणूंची माहिती प्रसिद्ध केली तेव्हा ते सापडले. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूला १९९४ मध्ये कर्ककारक ठरवण्यात आले आणि २००५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तोंड आणि जठर यांत मोठा फरक आहे तो पाहण्याच्या सोयीचा. गालाचे अस्तर पाहायला उजेड आणि आरसा पुरतो. जठराचे अस्तर जिवंत माणसात सहजपणे पाहता येऊ लागले ते १९५७ मध्ये बॅसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचिक दुर्बीण वापरली त्यानंतर. काचतंतूंतून चित्र नेण्याच्या मूळ प्रयोगांत पंजाबात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी अग्रभागी होते. त्यानंतरच 'अस्तर पातळ झालेल्या रुग्णाला पुन्हा केव्हा बोलवावे' हा प्रश्न अर्थपूर्ण झाला.

त्याचे उत्तरही यादीतूनच आले. नेदरलँड्समधील ९२,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अस्तर नुसते पातळ झालेल्या हजार जणांत वर्षाला सुमारे एकाला, आतड्यासारख्या पेशी असलेल्या हजारांत अडीच जणांना, पेशींची रचना थोडी किंवा मध्यम बिघडलेल्या हजारांत सहा जणांना, तर ती तीव्र बिघडलेल्या हजारांत साठ जणांना कर्करोग होत होता. पायरी जितकी वरची, तितकी नजर जवळची. युरोपातील तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच सर्वांना सरसकट बोलावलेले नाही. बदल सौम्य आणि एकाच भागापुरता असेल आणि धोका वाढवणारी दुसरी गोष्ट नसेल तर पुन्हा दुर्बीण घालण्याची गरज नाही. बदल जठरभर पसरलेला असेल तर दर तीन वर्षांनी, घरात जठराच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर एक-दोन वर्षांनी. जीवाणूचा नायनाट केल्यावर झिजलेले अस्तर काही अंशी सुधारते, आतड्यासारख्या पेशी मात्र सहजी मागे फिरत नाहीत. तोंडाची तीच कथा येथे पुन्हा दिसते: खालच्या पायऱ्यांवरून उतरता येते, वरच्या पायरीवरून अवघड.

भारतात जठराचा कर्करोग मिझोराममध्ये जास्त, महाराष्ट्रात तुलनेने कमी आढळतो. तंबाखूचा संबंध मात्र येथेही तुटत नाही. धूम्रपान हे जठराच्या कर्करोगाचे एक सिद्ध कारण आहे, आणि विडी त्यातून वगळता येत नाही.

गावात नजर कोण ठेवणार?

केरळमध्ये १९९६ पासून तेरा पंचायतींत एक मोठा प्रयोग झाला. निम्म्याहून थोड्या अधिक पंचायतींत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी, डॉक्टरांनी नव्हे, ठरावीक काळाने लोकांची तोंडे तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. वापरलेले मुख्य साधन म्हणजे डोळे आणि चांगला उजेड. राष्ट्रीय कार्यक्रमात आज तीस वर्षांवरील व्यक्तींच्या तोंडाची तपासणी समाविष्ट आहे, आणि गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

साखळीतला कच्चा दुवा तपासणीच्या नंतर येतो. चट्टा दिसला, कागदावर लिहिला गेला, 'तीन महिन्यांनी या' असे सांगितले गेले. तीन महिन्यांनी धानाची रोवणी असते, किंवा तेंदूचा हंगाम, किंवा माणूस मजुरीसाठी परगावी गेलेला असतो. चट्टा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी एका दिवसाची मजुरी बुडवायची कोणी? मेहतांच्या तुकड्यांना हे ठाऊक होते. त्यांनी गावकऱ्यांना मुंबईला बोलावले नाही. त्या स्वतः घरी गेल्या. दहा वर्षे यादी टिकली ती याच कारणाने.

शाळेला यात करता येण्यासारखे पुष्कळ आहे. आपले अंगठ्याशेजारचे बोट, मधले बोट आणि अनामिका एकावर एक धरून उभी तोंडात जातात का, ही चाचणी विद्यार्थी स्वतःवर आणि घरच्यांवर करून पाहू शकतात. तीन बोटे जात नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा वा जखम दोन आठवड्यांत बरी होत नसेल, तर दवाखाना गाठायला हवा. ही रोगनिदानाची चाचणी नव्हे, पुढे तपासून घ्या असे सांगणारी खूण आहे, हे मुलांना अवश्य सांगावे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. शाळेसमोरचा पानठेला किती अंतरावर आहे हे मोजणे हा भूमितीचा सोपा पाठ होईल. वर दिलेले चार आकडे फळ्यावर लिहून फरकाचे कारण विचारणे हा संख्याशास्त्राचा.

तेंदूपत्त्यावर ज्या घराचे पोट चालते त्या घरातील मुलासमोर विडीविषयी बोलताना शिक्षकाला अवघड वाटेल, आणि ते स्वाभाविक आहे. पाने तोडणाऱ्याला दोषी ठरवून काही साधत नाही. त्या मुलाला एवढे कळले तरी पुष्कळ झाले की, त्याच्या वडिलांच्या गालातला पांढरा डाग अजून कर्करोग नाही, सवय सुटली तर तो जाऊ शकतो, आणि पुन्हा दाखवायला जाण्याची तारीख कागदावर लिहिलेली आहे. ती तारीख घरात लक्षात ठेवणारे कोणीतरी हवे, आणि ते काम सहावी-सातवीतले मूल चांगले करू शकते.